जाड फाइल आणि नऊ नावांचा सातबारा

ताई, नमस्कार.

मी हडपसरला एका कंपनीत नोकरीला आहे. वय ३६, बायको शाळेत शिकवते, एक मुलगी. आठ वर्षं भाड्याच्या घरात काढली. बायकोच्या मामांनी सोलापूर रोडला, उरुळी कांचनच्या अलीकडे एक प्लॉट सुचवलाय. दोन गुंठे, सोळा लाख. आजूबाजूचा भाव याच्या दीडपट आहे. विकणारे मामांचे मित्र. त्यांनी सहा वर्षांपूर्वी ही जागा मूळ शेतकऱ्याकडून नोटरी साठेखतावर घेतली, सोबत कुलमुखत्यारपत्र आहे. आमचंही तसंच नोटरी करायचं ठरतंय. फाइलमध्ये सातबाऱ्याची झेरॉक्स, घरपट्टीची पावती, आठ नंबरचा उतारा, लाइट बिल असं सगळं आहे. सातबाऱ्यावर मात्र नऊ नावं आहेत आणि त्यात या गृहस्थांचं नाव नाही. मामा म्हणतात, "तिथं दोनशे घरं अशीच उभी आहेत, कुणाला उठवायला कोण आलंय? आणि आता तुकडेबंदीपण उठली." बँकेनं कर्ज नाकारलं म्हणून वडिलांच्या फंडाचे आठ लाख आणि बायकोचे दागिने असा हिशेब बसवतोय. एक लाख विसार दिलाय. बायको नको म्हणते. मामांना नाही म्हटलं तर घरात वाईटपणा. काय करू?

– एक वाचक, हडपसर

नमस्कार.

उत्तर आधी देते, कारणं मग. आत्ता जे कागद समोर आहेत त्यांच्यावर पुढचा एक रुपयाही देऊ नका. दागिने जिथं आहेत तिथं राहू द्या.

तुमच्या पत्रात बँकेचं एकच वाक्य आहे, तेही जाता जाता आलंय. मी त्यावरच अडकले. तुम्हा दोघांना पगार आहे, म्हणजे हप्ता फेडण्याबद्दल बँकेला शंका असायचं कारण दिसत नाही. तिनं नाकारलं ते त्या जागेला. उद्या हप्ते थकले तर ही जागा विकून आपले पैसे निघतील का, एवढाच प्रश्न बँकेचा वकील कागद वाचताना विचारतो. त्याचं उत्तर 'नाही' असं आलं. ते तपासणं तुम्हाला जवळपास फुकटात मिळालं होतं आणि तुम्ही त्याचा अर्थ 'पैसे दुसरीकडून उभे करावे लागतील' असा घेतलात. बँक जिथं स्वतःचे पैसे घालायला तयार नाही तिथं वडिलांचा फंड जातोय, हे एकदा शांतपणे बघा.

आता फाइल. मी सव्वीस वर्षं पुण्यात सर्च रिपोर्टची, म्हणजे जुने दस्त शोधून जागेची मालकी तपासण्याची कामं करते, आणि अशी फाइल महिन्याला दोन-तीन तरी टेबलावर येतात. जाडजूड असतात, प्लॅस्टिकच्या फोल्डरात लावलेल्या, वर गणपतीचं स्टिकर. त्यात खोटे कागद असतातच असं नाही. कागद खरे असतात, फक्त ते मालकीचे नसतात.

आठ नंबरचा उतारा घ्या. हा ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा, घरपट्टी कुणाकडून वसूल करायची ते सांगणारा. महसुलाचा 'आठ अ' निराळा. तो खातेउतारा, एका खातेदाराच्या नावावर गावात किती जमीन आहे ते दाखवणारा. नावात फरक एका अक्षराचा, आणि एजंट बोलताना ते अक्षर हमखास गिळतात. ग्रामपंचायत किंवा महापालिका जो राहतो त्याच्याकडून कर घेते. कर घेतला म्हणून ती कुणाला मालक करत नाही. लाइट बिलाचं तेच. वीज वापरणाऱ्याला मिळते. भाडेकरूच्या नावावरही मीटर असतं, म्हणून तो घरमालक होत नाही. हे कागद तिथं कोण राहतंय ते सांगतात, जागा कुणाची ते सांगत नाहीत.

नोटरीबद्दल तर मला लोकांशी भांडावंसं वाटतं. लाल सील आणि गोल शिक्का बघून भले शिकलेले लोक निर्धास्त होतात. नोटरी एवढंच सांगतो की या माणसाची ओळख पटली आणि त्यानं माझ्यासमोर सही केली. सही करणाऱ्याकडे विकायला काही होतं का, हे तो बघत नाही, ते त्याचं कामही नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत दस्त लागतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ आणि १९०८च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ हे सांगतात. तुमची जागा सोळा लाखांची आहे. त्याच कलम ५४ मध्ये असंही लिहिलंय की नुसत्या साठेखतानं मिळकतीत कुठलाही हक्क निर्माण होत नाही. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. विक्री अजून व्हायचीच असते.

एजंट याला 'ताबा साठेखत' म्हणतात आणि ताबा या शब्दावर जोर देतात. पूर्वी करार करून ताबा घेतलेल्या माणसाला कायदा थोडं संरक्षण द्यायचा. २४ सप्टेंबर २००१ पासून तेही फक्त नोंदणीकृत करारालाच आहे. शिवाय महाराष्ट्रात ताब्यासह साठेखताला खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. तुमच्या विक्रेत्यानं सहा वर्षांपूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर काम भागवलं असणार, तुम्हाला आता पाचशेचा आणायला सांगतील. असा कागद घेऊन कोर्टात गेलात तर आधी बुडवलेलं शुल्क आणि त्यावरचा दंड भरा म्हणतील, तोवर पुराव्यात तो वाचलाही जाणार नाही.

आता कुलमुखत्यारपत्र. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा तीन कागदांचा संच करून जागा 'विकायची' रीत देशभर होती. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट सांगितलं की यातून मालकी जात नाही. कुलमुखत्यार म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं काम करणारा माणूस, आणि सर्वसाधारणपणे ज्यानं पत्र लिहून दिलं तो गेला की ते पत्रही संपतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या आत्यानं १९९१ साली धनकवडीत दीड गुंठा असाच घेतला. तेव्हा तिकडे शेतंच होती. संध्याकाळी सहानंतर रिक्षावाला यायचा नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प, साठेखत, कुलमुखत्यारपत्र, आणि शेतकरी इतका भला माणूस की वास्तुशांतीला शेंगांचं पोतं घेऊन आला होता. तेरा वर्षांनी तो गेला. मुलांनी दोनेक वर्षं काही म्हटलं नाही. मग भाव वाढले. एक दिवस दोन्ही मुलं आणि एक नातजावई दारात. उठा म्हणाले नाहीत, तसं कुणी पहिल्या दिवशी म्हणत नाही. ते म्हणाले, "वडिलांनी तुम्हाला शब्द दिला होता, आम्ही तो मोडणार नाही. खरेदीखत करून देतो. पण आजच्या भावाचं काहीतरी बघा." आत्यानं बघितलं. पहिल्या किमतीच्या अकरापट दिले आणि स्वतःच राहत असलेली जागा दुसऱ्यांदा विकत घेतली. खत होताना कळलं की दोन बहिणीही आहेत. त्यांच्या सह्यांसाठी आणखी दीड वर्ष गेलं. मी तेव्हा वकिलीत तशी नवीनच होते आणि घरची वकील म्हणून मला हे फुकटात बघायला मिळालं.

म्हणून तुमच्या सातबाऱ्यावरची नऊ नावं मला छळतात. मुळात सातबारा हा महसुली अभिलेख. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, जमीन महसूल संहितेचं कलम १५७ तसं म्हणतं. पण नोंदीनं मालकी तयार होत नाही. म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेल्याकडून घेतानाही मागचे कागद तपासावे लागतात. इथं तर विकणाऱ्याचं नावच नाही. मग या नऊ जणांपैकी साठेखत किती जणांनी करून दिलं? तुम्ही 'मूळ शेतकऱ्याकडून' असं एकवचनात लिहिलंय. बाकीच्या आठ जणांचं काय?

आणि नऊ नावं म्हणजे जमीन सामाईक. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. रस्त्याला लागून असलेले, पूर्वेकडचे, आंब्याच्या झाडाजवळचे दोन गुंठे तुमचे, असं त्यात कुठंच लिहिलेलं नसतं. वाटप झालेलं नसेल, पोटहिस्सा पडून मोजणी झालेली नसेल, तर एकाला फार तर आपला अविभक्त हिस्सा विकता येतो; अमुकच तुकडा माझा म्हणून तो देता येत नाही. उद्या वाटप झालं आणि तो कोपरा धाकट्या पुतण्याच्या वाट्याला गेला, की तुमचं घर त्याच्या जमिनीवर.

त्या नऊ नावांत बायकांची नावं किती आहेत तेही मोजा. एकही नसेल तर जास्त घाबरा. २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. "बहिणींनी सोडून दिलंय" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय त्याच्या निम्म्या वेळाही नोंदलेलं हक्कसोडपत्र पाहिलेलं नाही. सोडून दिलं म्हणजे भाऊबीजेला ताटात साडी पडली, एवढंच असतं. मग तिची मुलं मोठी होतात, शिवाजीनगर कोर्टात वाटपाचा दावा पडतो, आणि प्लॉटधारकही त्यात प्रतिवादी होतात. त्या बहिणीवर रागावू नका, तिचं बरोबर आहे.

दोनशे घरांबद्दल. मामा खोटं बोलत नाहीत, घरं आहेत आणि बहुतेकांना कुणी उठवलेलंही नसेल. पण त्यांतल्या एखाद्याला विचारा की विकायला काढलं तर काय भाव येतो, बँकेचं कर्ज मिळालेलं गिऱ्हाईक येतं का, मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवता आलं का. तुम्हाला दीडपटीचा भाव सोडून स्वस्तात मिळतंय ते यामुळंच, आणि विकताना तुम्हालाही तसंच स्वस्तात सोडावं लागेल. दुसरं म्हणजे पूर्व हवेलीतल्या बऱ्याच गावांतून रिंगरोडची आखणी गेली आहे. संपादन आलं तर नोटीस आणि मोबदला अभिलेखात ज्यांची नावं त्यांना. तुमच्या नोटरीच्या कागदाला तिथं कुणी विचारणार नाही.

आता मामांचं तुकडेबंदीचं वाक्य. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते चालतं. शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडायला बंदी घालणाऱ्या १९४७च्या तुकडेबंदी कायद्यामुळं गुंठा-दोन गुंठ्यांची खतं अडत होती. २०२५ मध्ये सरकारनं १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याचा मार्ग खुला केला. तो सरसकट सगळ्या शेतजमिनीला नाही; जमीन कोणत्या हद्दीत येते, विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत कशासाठी दाखवली आहे, हे बघावं लागतं. त्यानं तुकडा पाडल्याचा दोष जातो. ज्याच्याकडे मालकी नव्हती त्याला ती मिळत नाही. पण तुम्ही मामांना एवढं कायद्याचं सांगत बसू नका. सरळ विचारा: तुकडेबंदी उठली असेल तर मग नोटरी कशाला, खरेदीखतच करू की.

कदाचित तिथून तुम्हाला दुसरी ऑफर येईल: दहा जण मिळून अकरा गुंठ्यांचं सामाईक खरेदीखत, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं. पुण्याच्या आसपास हे फार चालतं. नोटरीपेक्षा बरं आहे, कारण दस्त निदान नोंदलेला असतो. पण तुमचे दोन गुंठे कुठले ते त्यातही नसतं, आणि कर्ज, बांधकाम परवानगी, विक्री, प्रत्येक वेळी उरलेल्या नऊ अनोळखी माणसांशी गाठ. मी माझ्या माणसाला ते घ्यायला सांगणार नाही.

पुढचे आठ दिवस काय करायचं ते सांगते. गट नंबर घ्या आणि महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढा. पंधरा रुपये लागतात. दिलेली झेरॉक्स कधीची आहे कुणास ठाऊक. 'इतर अधिकार' हा रकाना नीट वाचा: सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, नवीन शर्त किंवा भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन), वतन, देवस्थान, पुनर्वसनाचा शेरा, यातलं काहीही दिसलं तर पान उलटू नका. सातबाऱ्यावर फेरफारांचे नंबर असतात, ते फेरफार काढा. ही नावं कशी लागली, वारसानं, वाटपानं की खरेदीनं, ते तिथं कळतं. तलाठ्यांना, म्हणजे आता पाटीवर ग्राम महसूल अधिकारी लिहितात त्यांना, एखादी हरकत किंवा तक्रार चालू आहे का विचारा. मग स्वतःचा वकील लावून तीस वर्षांचा सर्च घ्या. एजंटनं आणलेला, 'आमचे नेहमीचे आहेत' असा वकील नको. तो वाईट असतो म्हणून नाही. तो नेहमीचा आहे आणि तुम्ही एकदाचे. व्यवहार पुढे सरकला तरच मराठी दैनिकात जाहीर नोटीस द्या. आपल्याकडे लोक पेपरातलं ते पान लोणच्याच्या बरणीखाली घालतात, पण हरकत घेणारे मात्र बरोबर वाचतात.

गावाकडे तुमच्या वडिलांच्या नावावर शेतजमीन असेल तर शेतकरी असल्याचा दाखला काढून ठेवा. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहजासहजी घेता येत नाही, आणि हा प्रश्न दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदायला गेल्यावर सुचायला नको.

एक मात्र लक्षात असू द्या, हवेलीच्या कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला गेला म्हणजे सरकारनं मालकी तपासली असं होत नाही. तिथं दस्त नोंदतात. मालकी तुमच्या वकिलानंच तपासायची असते.

विसाराचा लाख. कसा दिलात ते लिहिलं नाही. बँकेतून गेला असेल तर उतारा काढून ठेवा. रोख दिला असेल तर आज रात्रीच विक्रेत्याला साधा, गोड मेसेज पाठवा: "अमुक तारखेला आपल्याला प्लॉटच्या विसारापोटी एक लाख दिले, माझ्या वकिलांनी काही कागद मागितले आहेत, ते मिळाले की पुढची तारीख ठरवू." त्याचं 'ओके' आलं तरी पुरे. आणि रोखीचं पुढे अजिबात नको. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याचीच मनाई आहे. विसार पावती असेल तर 'व्यवहार न झाल्यास रक्कम जप्त' असं वाक्य आहे का बघा. असलं तरी हातपाय गाळू नका. निर्वेध मालकी दाखवणं हे विकणाऱ्याचं काम आहे. ती दाखवता येत नसेल तर व्यवहार तुम्ही मोडला असं होत नाही. गोडीनं परत आला नाही तर वकिलाची नोटीस. तीन वर्षांची मुदत असते, 'देतो देतो'त ती उलटू देऊ नका.

राहिले मामा. त्यांना नाही म्हणायची गरजच नाही. त्यांना असं म्हणा: "मामा, जागा पसंत आहे. खरेदीखत थेट सातबाऱ्यावरच्या लोकांकडून माझ्या नावानं करू. ते सगळे लिहून देणार, तुमचे मित्र संमती देणार म्हणून सही करतील, त्यांचे पैसे त्यांना मिळतील. फक्त खत नोंदलेलं हवं, आणि आधी माझा वकील कागद बघेल." यात कुणाच्या शब्दावर अविश्वास नाही. मित्राचा व्यवहार सरळ असेल तर त्यालाही हे हवंच असेल, त्याचेही सहा वर्षांपूर्वीचे पैसे त्याच कागदात अडकलेत. तो वेळ मागेल, द्या. नऊ जणांना एका दिवशी एका कार्यालयात आणणं सोपं नसतं, एक जण मुंबईला असतो आणि एकाचं भावाशी बोलणं बंद असतं. "एवढ्या भानगडी कशाला, घरचीच माणसं आहोत" असं उत्तर आलं, तर विसार परत मागा, आणि तो मामांसमोर मागा.

फोन करण्याआधी सातबारा मात्र काढा, आणि तुमच्या बायकोला शेजारी बसवून ती नऊ नावं मोठ्यानं वाचा. मामा तिचे आहेत. त्यातलं कोण हयात नाही, कुणाला बहिणी किती, हे तिला त्यांच्याकडून दहा मिनिटांत कळेल, मला सर्चमध्ये दहा दिवस लागतील.